शंभर वर्गणीदार

अमडापुरात कोणाचं काय चाललंय हे कळायला त्याच्या घरी जावं लागत नाही. जयमालाच्या गिरणीवर घटकाभर उभं राहिलं की पुरतं. कोणाच्या डब्यात गहू आला, कोण ज्वारीवर आलं, कोणाची सून सासूपासून वेगळा डबा घेऊन येऊ लागली, सगळं तिथं पट्ट्याच्या खडखडाटात उघडं पडतं. जयमाला बोलायची कमी. पण गावाचा जमाखर्च तिच्या डोक्यात पक्का होता, आणि त्यातलं एक खातं बारा वर्षं मिटलेलं नव्हतं. ते उकंडरावांचं.

जयमालाचे वडील पुंजाजी भारुडाचे. त्यांनी आंधळ्याचं सोंग घेतलं की पुढं बसलेल्या बाया त्यांचा हात धरायला खरंच उठायच्या. भारुडी मंडळ त्यांनीच उभं केलेलं: टाळ, मृदंग, एक पेटी आणि सोंगाचे दोन झगे. पुढं सरकारी कार्यक्रम मिळू लागले तेव्हा मंडळाची नोंदणी करायचं ठरलं. नोंदणीला सात माणसं लागतात. उकंडराव गावातले वजनदार, कचेरीतल्या शिपायालाही नावानं हाक मारणारे. ते काम त्यांनी अंगावर घेतलं आणि सात नावं दिली ती अशी: स्वतः, बायको, दोन भाऊ, पुतण्या गजेंद्र, एक व्याही आणि अकोल्याचा मेहुणा. या मेहुण्यानं जन्मात एकदा भारूड पाहिलं होतं, तेही अर्ध्यातून उठून गेला होता. पुंजाजींनी विचारलं तर उकंडराव म्हणाले, "तुम्ही कलावंत मानसं. कागदाच्या भानगडीत कायले पडता?" पुंजाजींना ते पटलं. कलावंताला कोणी तोंडावर कलावंत म्हटलं की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही.

पुंजाजी थकले. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं, त्यासाठी मंडळाची शिफारस हवी होती. जयमाला त्यांना धरून मारुतीच्या पारावर घेऊन गेली. अर्धं गाव बसलेलं. उकंडरावांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "पुंजाजी, रेकॉर्डले तुमचं नावच नाई. संस्थेनं कोन्या तोंडानं लिहून द्यावं?"

कोणी हसलं नाही. पण कोणी बोललंही नाही. पुंजाजी "बरं" म्हणाले आणि निघाले. त्यानंतर त्यांनी झगा अंगाला लावला नाही. दोन वर्षांनी गेले.

जयमालाला मानधनाचं दुःख नव्हतं. तिला ते "बरं" पचलं नव्हतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं की उकंडरावांना अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठवायचं, त्याच लोकांच्या देखत. आणि असं उठवायचं की त्यांच्याजवळ बोलायला सगळं असावं, पण बोलता येऊ नये.

बारा वर्षं गेली. मग एका सकाळी उकंडराव स्वतः गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर आले.

"काका, तुम्ही सोता डबा घेऊन? काकू बरी हाय ना?"

"बरी हाय. म्हटलं, आपलीच पोरगी हाय, जाऊन येऊ."

आपली पोरगी त्यांना आज आठवली, म्हणजे काम मोठं होतं. जयमालानं डबा रांगेत ठेवला आणि गिरणी बंद केली. दळण थांबल्यावर माणूस लवकर मुद्द्यावर येतो, हे तिला ठाऊक होतं.

मुद्दा असा होता. संभाजीनगरची एक संस्था, तिचं नाव कलासाथ निधी, खेड्यापाड्यातल्या कला मंडळांना तीन वर्षं पैसा देणार होती. अट एवढीच, की आधी गावानं द्यायचं. शंभर माणसांनी दरवर्षी माणशी पाचशे रुपये वर्गणी दिली, की निधी वर्षाला त्याच्या चौपट टाकणार. निधीच्या नाजिश मॅडम स्वतः येऊन भारूड पाहणार होत्या आणि गाव देतं की नाही, तेही.

"आता तुया बापामागं लोकायले बसवून ठेवनारं तोंड मंडळात राह्यलं नाई," उकंडराव म्हणाले. "तू बायायच्या कार्यक्रमात गाते म्हने. धाड गावाले आयकलं मी."

"गाते थोडंसं. पन काका, शंभर जन पाचशे देतीन? आपल्या गावातले?"

उकंडराव हसले. "नोट फिरवू ना!"

ही फिरती नोट भारुडवाल्यांना नवी नाही. भारूड रंगात आलं की कोणी तरी उठून बक्षिसाची नोट देतो. गाणारा थांबतो, देणाऱ्याचं नाव माइकवरून गाजवतो आणि पुढं जातो. लोकांचे खिसे सैल व्हावेत म्हणून पहिल्या दोन-तीन नोटा मंडळाच्याच असतात. म्हणजे नोट एकच. पुढून झोळीत पडते, मागून निघते, दुसऱ्याच्या नावानं पुन्हा येते. सगळ्या गावाला हे माहीत असतं आणि कोणी कोणाला सांगत नाही. पुंजाजी ती दोनदा फिरवायचे. उकंडरावांना ती शंभरदा फिरवायची होती. नंतर पन्नास हजार स्वतःच्या खिशातून बँकेत भरायचे, नाव शंभर जणांचं लावायचं आणि दोन लाख घ्यायचे. तेही तीन वर्षं. हिशोब वाईट नव्हता.

"नावं कोनाची घेऊ?"

"आपल्या भावकीची घे. शंभर टाळकी आरामात भरते."

"वर्गणी देनारा सभासद होते म्हने. त्याले मत असते, नवी कमिटी तोच निवडते. निधीचा नियम हाय म्हनून आयकलं."

"म्हनून तं भावकी म्हटली ना, बावा!" उकंडराव तिच्या भाबडेपणावर खूश झाले.

जयमालानं बिदागी मागितली. फुकट गाते म्हटली असती तर त्यांना संशय आला असता. उकंडरावांना फुकटाचं फक्त स्वतःच्या बाबतीत समजायचं. दोन हजार म्हणाली, ते हजार म्हणाले, दीड हजारावर ठरलं. गहू दळून झाल्यावर त्यांनी डबा उचलला तेव्हा तिनं दळणाचेही पैसे घेतले.

भारूड दुपारी ठेवलं, कारण नाजिश मॅडमना संध्याकाळच्या आत परतायचं होतं. दुपारचं भारूड म्हणजे नवरदेव सकाळी न्हाऊन बोहल्यावर संध्याकाळी चढवल्यासारखं सुकलेलं. पण मारुतीसमोरचा मांडव भरला. मांडव आणि माइक शाकिरचा. तो पूर्वी पुंजाजींसोबत गावोगाव जायचा. त्यानं जयमालाच्या हातात माइक दिला आणि हळूच म्हणाला, "ताई, आवाज वर ठेवतो. कोनी खालून वरडलं तं ऐकू नाई येणार." तिनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं. पण शाकिरही त्या दिवशी पारावर होता.

नाजिश मॅडम पुढच्या रांगेत. वय तिशीचं, मूळच्या चिखलीच्या; समोर तीन पायांच्या स्टँडवर मोबाइल लावलेला, त्यात सगळं टिपलं जात होतं. शेजारी उकंडराव, पांढराशुभ्र सदरा घालून. रंगमंचाच्या पायरीशी गजेंद्र, हातात पाचशेची कोरी नोट.

जयमालानं सुरुवात वडिलांच्या ढंगात केली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या कडव्यानंतर ती थांबली.

"आपले अध्यक्ष उकंडराव पाटील यायच्याकडून मंडळाले पाचशे रुपये! मंडळ आभारी हाय!"

टाळ्या. उकंडरावांनी मागं वळून हात जोडले. मग त्यांची बायको, दोन्ही भाऊ, गजेंद्र, चुलत, सावत्र, मावस. विसेक नावं अशी झाली. नोट पुढून येत होती, मागून जात होती. उकंडरावांनी मांडी घातली.

"गोजरबाई शिंदे यायच्याकडून पाचशे रुपये!"

मांडवातल्या माना वळल्या. गोजरबाई म्हणजे सत्तरीची विधवा. तिच्या शेताच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड उकंडरावांनी आपलं म्हणून तोडलं होतं. पाचशेची नोट तिनं अलीकडे हातात धरली असेल की नाही, शंकाच. पण माइकवरून आपलं नाव आल्यावर ती पदर सावरून ताठ बसली आणि आजूबाजूला पाहू लागली, जणू अजून पाचशे द्यायची तिची तयारी होती. बाया टाळ्या पिटू लागल्या.

"हिंमतराव बोरकर यायच्याकडून पाचशे रुपये!"

हिंमतरावांच्या मुलीचं जमत आलेलं लग्न उकंडरावांच्या एका फोननं मोडलं होतं. हिंमतराव उठले, सभेला नमस्कार करून बसले.

मग जयमाला थांबलीच नाही. ज्याच्या विहिरीची वाट अडवली होती तो, ज्याचं ट्रॅक्टर वापरून भाडं दिलं नव्हतं तो, ज्याला घरकुलाच्या यादीतून काढलं होतं ते दोघे भाऊ, ज्या मुलाची नोकरी मेहुण्याला गेली तो. गिरणीवर बारा वर्षं जे जे दळलं गेलं होतं, ते सगळं तिनं माइकवर ओतलं. लोकांना आधी गंमत वाटली, मग कळू लागलं. प्रत्येक नावाला टाळी वाढत गेली.

गजेंद्रलाही कळलं. त्यानं काकांकडे पाहिलं, काकांनी डोळे वटारले, आणि गजेंद्रनं नोट मुठीत दाबून धरली. आता नोटच येणार नाही तर नाव कसं घेईल?

जयमाला माइकवर लाडानं म्हणाली, "गजेंद्रभाऊ, लोकायची नोट तुमच्याच मुठीत राह्यली जी! द्या ना. मॅडम पाहून राह्यल्या."

मांडवात हशा फुटला. मागून कोणी ओरडलं, "सोड बे, गज्या! तुया बापाची हाय काय?" ती नोट खरं म्हणजे त्याच्या काकाची होती, पण हे सांगायची सोय नव्हती. नाजिश मॅडमनी मान वर करून पाहिलं. गजेंद्रनं मूठ उघडली.

उकंडराव उठले, "अवं, जयमाला" असं काहीसं म्हणाले असावेत. शाकिरनं मृदंगाचा आवाज वाढवला. काय करणार होते ते? ही माणसं देत नाहीत म्हणावं, तर कोण देतंय हा प्रश्न येतो. नोट एकच आहे म्हणावं, तर दोन लाख जातात. ते खाली बसले आणि टाळ्या वाजवू लागले. शंभरावं नाव झालं तेव्हा जयमालाचा गळा बसला होता, पण हिशोब एकानंही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते डबा न घेताच गिरणीवर आले.

"तुनं माह्या पैशानं माहे वैरी सभासद केले!"

"तुमचे पैसे?" जयमालानं पीठ झाडत विचारलं. "मले वाटलं लोकायचे. आता खोटं वाटत असंन तं मॅडमले फोन लावा. सांगा, नोट एकच होती."

"तू सांगितलं तं मी खोटं म्हनतो, मी सांगितलं तं..."

"तुम्ही सांगितलं तं तुम्हीच खोटे पडता. हावना?"

उकंडराव घरी गेले. दोन दिवस त्यांनी हिशोब केला. दरवर्षी पन्नास हजार भरायचे, तीन वर्षांत सहा लाख यायचे. मधे एक सभा. सभेला शंभरातले किती येणार? आणि आले तरी, ज्यांची वर्गणी आपण भरली ती माणसं आपल्याला मत देणार नाहीत तर कोणाला? त्यांनी पैसे बँकेत भरले आणि निधीच्या कागदावर अध्यक्ष म्हणून सही केली, की ही सर्व वर्गणी गावकऱ्यांनी स्वखुशीनं स्वतःच्या खिशातून दिलेली आहे.

मग ते चूक करायला निघाले. जयमालानं ती चूक आधीच हिशोबात धरली होती, कारण तिला उकंडराव ठाऊक होते. त्यांनी पावत्या घेऊन दारोदार फिरायला सुरुवात केली आणि प्रत्येकाच्या ओसरीवर एकच वाक्य बोलले, "तुई पाचशेची पावती मीनं भरली, ध्यानात ठेवजो." ज्या माणसाचं नाव माइकवर गाजलं होतं, ज्याला बायकोनं त्या दिवशी न मागता चहा दिला होता, त्याला त्याच्याच अंगणात, पोराबाळांसमोर सांगितलं जात होतं की तू भिकारी आहेस. हिंमतरावांनी पावती घेतली, नीट घडी केली आणि विचारलं, "सभा कधी हाय?" गोजरबाईनं पावती देव्हाऱ्यात ठेवली आणि उकंडरावांना पाणीही विचारलं नाही. भावकीतल्या लोकांनाही पावत्या मिळाल्या, त्याच वाक्यासकट.

सभा मारुतीच्या पारावर, सकाळी. धाडचा बाजार होता त्या दिवशीच उकंडरावांनी ती ठेवली, म्हणजे माणसं बाजाराला जातील. माणसं बाजाराला गेली नाहीत. पार भरला, तेव्हा खालच्या ओट्यावर बसली. नाजिश मॅडम खुर्चीवर, निरीक्षक म्हणून.

गोजरबाई उभी राहिली. "मी अध्यक्ष म्हनून पुंजाजीच्या पोरीचं नाव सांगतो."

"अनुमोदन," हिंमतराव म्हणाले. हा शब्द त्यांनी दोन दिवस घोकला होता.

उकंडरावांचं नाव गजेंद्रनं सुचवलं. मॅडम म्हणाल्या, हात वर करा. उकंडरावांच्या बाजूनं जे हात उठले ते मोजायला एका हाताची बोटं पुरून थोडी उरली असती. भावकीतले बाकीचे चपलांकडे पाहत होते. मॅडम दुसऱ्या नावाकडे वळणार, तेवढ्यात उकंडराव उठले. चेहरा लाल झालेला.

"थांबा! हे सभासद कशाचे? यायनं काय देलं? हे पैसे..."

ते थांबले. नाजिश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बोला, पाटील. पैशांचं काय?" त्यांच्या मांडीवर निधीचा तोच कागद होता, खाली उकंडरावांची सही.

जयमाला उभी राहिली. आवाज अजून बसलेलाच होता, त्यामुळे ती हळू बोलली, आणि म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"सांगा ना, काका. कोनाचे होते पैसे?"

याच पारावर तिचे वडील "बरं" म्हणाले होते. बसलेली माणसं तीच होती, बारा वर्षांनी म्हातारी झालेली. त्यांच्यातला एकही आज हसला नाही, पण आज गप्प बसण्याची जात वेगळी होती. ते वाट पाहत होते.

उकंडरावांनी गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्रनं मान फिरवली. सदऱ्याच्या खिशावर त्यांचा हात गेला आणि तिथंच राहिला.

"काका, मॅडमले बसची घाई हाय."

"लोकायचे," उकंडराव म्हणाले.

"मोठ्यानं, काका. मागच्यायले ऐकू नाई आलं."

"लोकायचे होते!" ते ओरडले आणि बसले. उठताना खुर्ची मागं सरकली होती, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. गजेंद्रनं धरलं नसतं तर पारावरून खाली गेले असते. मग जयमालाच्या नावानं हात वर झाले. मॅडम मोजत होत्या. जयमालानं मोजले नाहीत. ती उकंडरावांकडे पाहत होती.

सूड घेऊन समाधान मिळत नाही असं शाळेच्या पुस्तकांत लिहितात. जयमालाला मिळालं. अगदी पोटभर. त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली आणि दुपारी गाढ झोपली.

निघताना नाजिश मॅडम तिला एका बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "ताई, माझे आजोबा अब्दुल गनी कव्वाल होते. कव्वालीतही नोट फिरते. तुमची मी तिसऱ्या नावालाच ओळखली."

जयमालानं आजूबाजूला पाहिलं. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"तेव्हा बोलले असते तर मंडळ तसंच त्यांच्याकडे राहिलं असतं. आणि पैसे बँकेत खरे आले. ज्यानं सही केली त्याचं तो बघेल." मॅडम हसल्या नाहीत. "पण पुढच्या वर्षी वर्गणी रोख चालणार नाही. प्रत्येकाच्या खात्यातून यायला हवी. शंभर माणसं, खरी. नाही आली तर हप्ता नाही. तेव्हा मी सोडणार नाही, तुम्हालाही नाही."

दहा दिवसांनी गोजरबाई ज्वारी घेऊन गिरणीवर आली आणि रांग सोडून पुढं उभी राहिली. सभासद झाल्यापासून तिचं चालणं बदललं होतं.

"गोजरकाकू, पुढच्या सालचे पाचशे आतापासूनच बाजूले टाकत चला."

"मी?" गोजरबाईला खरोखर नवल वाटलं. "कायले? उकंडराव भरते ना!"

रांगेतल्या बायांनी माना डोलावल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं. शंभर वर्गणीदारांपैकी ऐंशींना वर्गणी म्हणजे उकंडरावांनी भरायची आणि आपण मत द्यायचं अशी चीज वाटत होती, आणि हे त्यांना जयमालानंच शिकवलं होतं. तिनं मनातल्या मनात आकडा मांडला. खरे देणारे किती? हिंमतराव देतील. शाकिर देईल. आणखी पंधरा, फार तर वीस. बाकीच्यांच्या मागं वर्षभर फिरावं लागणार, दळणाच्या पैशांसारखं, चार-चार आण्यांनी. ते करावंच लागणार होतं. पण तोवर मंडळाला नवे झगे हवे होते, पेटीचा भाता फाटला होता, आणि निधीच्या पैशातून झग्याला मनाई होती.

तिनं गिरणी चालू केली. पट्ट्याच्या आवाजात तिला विचार बरा करता यायचा. उकंडरावांना गेल्या दहा दिवसांत कोणी पारावर नमस्कार केला नव्हता. चहाच्या टपरीवर ते आले की बाकडं रिकामं व्हायचं. माणूस पैशावाचून राहतो, पण पुढच्या रांगेतल्या खुर्चीवाचून उकंडराव किती दिवस राहतील? जयमालानं अंदाज केला आणि हसली. मग रांगेतल्या गजेंद्रच्या बायकोला हाक मारली.

"वहिनी, गजेंद्रभाऊले सांगजा, काकाले निरोप द्या म्हना. मंडळाले एक मानद सल्लागार पाह्यजे. पुढची खुर्ची, गळ्यात हार, माइकवर नाव. सही करायची नाई, मत द्यायचं नाई, बोलायचं तं अजिबात नाई."

"आन् देनं काय पडंन?" वहिनीनं विचारलं. ती त्याच घरची होती.

"झग्यायचे, पेटीचे. ते आल्यावर सांगते," जयमाला म्हणाली आणि गोजरबाईचा डबा रांगेच्या शेवटी सरकवला. "सांगजा, यायचं तं सोता या. डबा घेऊन."